दिव्यांग अर्थसाहाय्य: अर्ज केल्यापासून पैसे खात्यात पडेपर्यंत किती महिने धरावेत?

तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेच्या, म्हणजे दिव्यांगांना दरमहा अर्थसाहाय्य देणाऱ्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे काम पाहणाऱ्या शाखेच्या, टेबलापाशी थोडा वेळ उभे राहिले, तर एकच प्रश्न वेगवेगळ्या आवाजांत ऐकू येतो, "साहेब, अजून किती दिवस?" त्यावर मिळणारे उत्तरही ठरलेले असते, "मीटिंग झाली की कळेल." हे उत्तर खोटे नाही, पण ते संपूर्ण वाटेच्या एका टप्प्यापुरतेच खरे आहे. माझ्या मामांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा ठाण्याजवळच्या कळव्याहून रुग्णालय, सेतू, तहसील आणि बँक अशा फेऱ्या मी मारल्या, आणि त्यानंतर शेजारपाजारच्या चार-पाच जणांची कागदपत्रेही मार्गी लावली. त्यातून लक्षात आले ते असे की, आपण ज्याला एक अर्ज समजतो ती वास्तविक चार निरनिराळ्या खात्यांची साखळी असते. प्रमाणपत्र आरोग्य खाते देते, दाखले महसूल खाते देते, मंजुरी समिती देते आणि पैसे बँकेत पोहोचण्यासाठी आधारची जोडणी लागते. एका कडीवरचा कागद पुढच्या कडीपर्यंत आपोआप जात नाही, तो आपणच न्यावा लागतो, आणि बहुतेक दिरंगाई या मधल्या अंतरात होते.

आकडाच हवा असेल तर माझा अंदाज असा आहे: सर्व काही सुरळीत झाले तर चार ते सहा महिने, आणि एखादी त्रुटी निघाली व ती वेळेवर कळली नाही तर सहज वर्ष. चार महिने आणि बारा महिने यांतला फरक बहुतांशी अर्जदाराच्या हातात असतो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी आपला तालुका कोणता ते पाहावे

हे सांगणे हास्यास्पद वाटेल, परंतु नवी मुंबईत यावर आठवडेच्या आठवडे वाया गेलेले मी पाहिले आहेत. दिघा, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, तुर्भे, सानपाडा, नेरूळ आणि सीबीडी बेलापूर हा नवी मुंबई महानगरपालिकेचा भाग ठाणे तालुक्यात व ठाणे जिल्ह्यात येतो. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हा भाग लोकांच्या बोलण्यात नवी मुंबईच असला तरी महसुली हिशेबात तो पनवेल तालुका आणि रायगड जिल्हा आहे. बेलापूर आणि खारघर ही लोकलची लागोपाठची स्थानके आहेत, पण एका ठिकाणच्या अर्जदाराला ठाण्याच्या तहसीलदारांकडे जावे लागते आणि दुसऱ्याला पनवेलच्या. बेलापूरचे कोकण भवन हे विभागीय पातळीवरचे कार्यालय आहे. घराजवळ पडते म्हणून तेथे या अर्जाची चौकशी करण्यात अर्थ नाही.

दुसरी बाब आधारवरच्या पत्त्याची. कित्येकांच्या आधारवर अजून साताऱ्याचा किंवा जळगावचा पत्ता असतो. दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज कागदोपत्री आपण जेथे राहतो त्या जिल्ह्यातल्या वैद्यकीय प्राधिकाऱ्याकडे, अथवा आपल्यावर जेथे उपचार चालू आहेत त्या सरकारी रुग्णालयाकडे करायचा असतो. पत्ता गावचा राहिला तर रुग्णालयही गावाकडचे निवडले जाण्याची शक्यता असते, आणि पुढे तहसीलमध्येही तोच पत्ता आडवा येतो. म्हणून पहिले काम आधारमधला पत्ता, नाव आणि जन्मतारीख दुरुस्त करून घेण्याचे. नावाच्या स्पेलिंगमधला एका अक्षराचा फरक घरात कोणाला दिसतही नाही, संगणकाला मात्र तो नेमका दिसतो.

पहिली प्रतीक्षा: रुग्णालय

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य झाले. बहुतेक योजनांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व असावे लागते. १ जून २०२१ पासून प्रमाणपत्र ऑनलाइनच दिले जाते, आणि त्यासाठी केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या विशिष्ट ओळखपत्राचा, अर्ज भरावा लागतो. ज्यांच्याकडे फक्त जुने, हाताने लिहिलेले प्रमाणपत्र आहे, त्यांनी तेच पुढे करून पाहण्यात वेळ न घालवता लगेच यूडीआयडीचा अर्ज करावा.

नियमांतली मुदत किती, हे अनेकांना चुकीचे माहीत असते. २०१७ च्या नियमांत प्रमाणपत्र देण्यासाठी एक महिना होता. ऑक्टोबर २०२४ मधल्या दुरुस्तीने तो तीन महिने झाला. याच दुरुस्तीने आणखी एक गोष्ट आणली, ती म्हणजे दोन वर्षे निर्णयाविना पडून राहिलेला अर्ज निष्क्रिय समजला जातो आणि तो पुन्हा नव्याने करावा लागतो. त्यामुळे पूर्वी कधीतरी सायबर कॅफेत भरलेला अर्ज अजून जिवंत आहे असे गृहीत धरू नये, पोर्टलवर नोंदणी क्रमांक टाकून त्याची स्थिती पाहून घ्यावी. कार्डाचा रंगही टक्केवारीप्रमाणे ठरतो: ४० टक्क्यांहून कमी असल्यास पांढरा, त्यापुढे ८० टक्क्यांच्या आत पिवळा आणि ८० टक्के किंवा अधिक असल्यास निळा. पांढरे कार्ड हाती आले म्हणजे अनुदानही मिळणार, असा काहींचा समज होतो, तो बरोबर नाही.

तीन महिन्यांची मुदत कागदावर असली तरी प्रत्यक्षात वेळ जातो तो तपासणीच्या तारखांमध्ये. ठाण्याचे सिव्हिल, म्हणजे जिल्हा सामान्य रुग्णालय, टेंभी नाक्याच्या जागेवर नवीन इमारत बांधायची असल्याने मनोरुग्णालयाच्या परिसरात हलवण्यात आले. जुन्या सवयीने टेंभी नाक्यावर जाऊन परत फिरलेले लोक मला भेटले आहेत. कोणत्याही रुग्णालयात दिव्यांग तपासणीचे वार ठरलेले असतात आणि डोळे, कान, हाडे, मेंदूविकार यांचे तज्ज्ञ वेगवेगळ्या दिवशी बसतात. व्यक्तीला एकाहून अधिक प्रकारचे दिव्यांगत्व असेल तर तारखाही तितक्याच वाढतात. माझ्या मामांच्या बाबतीत आम्ही एका रुग्णालयात सकाळी साडेसातला रिक्षाने पोहोचलो, केस पेपर काढला, रांगेत बसलो आणि साडेअकराला समजले की संबंधित डॉक्टर रजेवर आहेत. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला दोन जिने चढवून नेल्यानंतर असे ऐकणे किती जड जाते ते सांगायला नको. तेव्हापासून आदल्या दिवशी दुपारी कोणी तरी जाऊन, निदान फोनवर, "उद्या साहेब आहेत का" एवढे विचारण्याचा नियम मी सर्वांना सांगतो.

तपासणीला जाताना जुनी डिस्चार्ज समरी, एमआरआय किंवा एक्स-रेचे अहवाल, चालू औषधांच्या चिठ्ठ्या हे सर्व मूळ प्रतींसह न्यावे. ऐकू न येण्याच्या बाबतीत डॉक्टर ऑडिओमेट्री (किती ऐकू येते ते मोजणारी चाचणी) आणि लहान मुलांसाठी बेरा चाचणी (आवाजाला मेंदू कसा प्रतिसाद देतो ते पाहणारी) मागतात. या चाचणीची यंत्रे सगळीकडे नसल्यामुळे वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्थेकडे पाठवले जाते, आणि तेथील तारीख हा वेगळा विषय होतो. ही चाचणी आधीच करून ठेवली तर एक पूर्ण फेरी वाचते. अर्धांगवायूसारख्या मेंदूच्या आजारात साधारणतः सहा महिने उलटल्यावरच टक्केवारी ठरवली जाते, कारण तोवर शरीरात सुधारणा होण्याचा संभव असतो. झटका आल्यानंतर दुसऱ्याच महिन्यात धावपळ सुरू करणाऱ्या कुटुंबांना परत पाठवले जाते त्यामागे हे कारण असते, कोणाची आडमुठेपणाची वृत्ती नव्हे. हे सहा महिने आम्हीही रागावण्यात घालवले. तेवढ्यात बाकीचे दाखले काढून ठेवता आले असते.

टक्केवारी मान्य नसेल, उदाहरणार्थ ३८ टक्के लिहून आले असेल, तर निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवसांच्या आत अपील करता येते आणि अपिलाचा निकाल ६० दिवसांत द्यावा अशी नियमांत तरतूद आहे. प्रमाणपत्र तात्पुरते दिले असेल तर त्यावरची वैधतेची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. ती उलटल्यावर अनुदान थांबते आणि सारे पुन्हा सुरू करावे लागते. प्लास्टिकचे कार्ड पोस्टाने येण्याची वाट पाहण्याचे मात्र कारण नाही. प्रमाणपत्र आणि कार्ड दोन्ही पोर्टलवरून उतरवून घेता येतात आणि ती प्रत अर्जाला जोडता येते.

रुग्णालयाची तारीख लांबची असताना करायची कामे

येथेच बहुतेकांचे दोन महिने जातात. प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय लोक उत्पन्नाचा दाखला काढायला जात नाहीत, आणि मग त्याची वाट पाहतात. वस्तुतः दोन्ही कामे एकाच वेळी चालू शकतात.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी अर्जदाराचे वय १८ पेक्षा कमी आणि ६५ पेक्षा अधिक नसावे, तो महाराष्ट्रात किमान १५ वर्षे राहत असावा, आणि दिव्यांग अर्जदाराच्या बाबतीत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५० हजार रुपयांच्या आत असावे अशा मुख्य अटी आहेत. इतर निराधारांसाठी ही मर्यादा २१ हजार आहे, आणि सेतूतली नवखी मंडळी कधी कधी दिव्यांगांनाही तोच आकडा सांगून परत पाठवतात. वर्षाला ५० हजार म्हणजे महिन्याला चार हजारांच्या जरासे वर. घणसोलीच्या चाळीतली एक खोलीही या रकमेत भाड्याने मिळत नाही. ही मर्यादा शहरी वास्तवाशी कितपत जुळते, याबद्दल मला स्वतःला शंका आहे, पण अर्ज याच मर्यादेवर तपासला जातो आणि सर्वाधिक अर्ज येथेच अडतात. घरात एक जण पगारदार असेल आणि रेशन कार्ड एकच असेल, तर आधी नीट विचार करून मगच अर्ज करावा.

उत्पन्नाचा दाखला लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली येतो आणि त्यासाठी १५ दिवसांची मुदत आहे. अर्ज आपले सरकार संकेतस्थळावर स्वतः करता येतो किंवा सेतू व महा ई-सेवा केंद्रातून करता येतो. पगारपत्रक नसलेल्या कुटुंबाला तलाठ्यांचा अहवाल लागतो (त्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, पण लोक तलाठीच म्हणतात), आणि तो मिळवायला एक-दोन फेऱ्या पडतात. मुदतीत दाखला मिळाला नाही तर याच कायद्याखाली ३० दिवसांत पहिले अपील करता येते आणि कारणाशिवाय विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५ हजार रुपये दंड होऊ शकतो. मी अपील करण्याची वेळ एकदाही येऊ दिली नाही; पंधराव्या दिवशी पोच दाखवून "आज मुदत संपते आहे" एवढे शांतपणे म्हटले की काम बहुधा होते.

या दाखल्याची खरी मेख त्याच्या आयुष्यात आहे. एक वर्षाचा दाखला बहुधा त्या आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंतच ग्राह्य धरला जातो. जानेवारीत दाखला काढला, फेब्रुवारीत प्रमाणपत्राची तारीख चुकली, मार्चमध्ये समितीची बैठक झाली नाही, की एप्रिलमध्ये तोच अर्ज "दाखला जुना" म्हणून त्रुटीत निघतो. म्हणून शक्य असेल तर रुग्णालयाचे काम हिवाळ्यात उरकावे आणि उत्पन्नाचा दाखला एप्रिल उजाडल्यावर काढावा. त्याला मग जवळजवळ पूर्ण वर्ष मिळते.

पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा ठाणे-नवी मुंबईत विशेष त्रास देतो, कारण येथे भाड्याने राहणारी कुटुंबे दर दोन-तीन वर्षांनी घर बदलतात. अट महाराष्ट्रात राहण्याची आहे, एकाच घरात राहण्याची नाही. गावच्या शाळेचा दाखला, जुने रेशन कार्ड, मतदार यादीतले नाव, जुनी वीजबिले अशा तुकड्यांतून पंधरा वर्षे जोडून दाखवता येतात, आणि अधिवास प्रमाणपत्र हाती असेल तर प्रश्नच उरत नाही.

दुसरी प्रतीक्षा: समिती

अर्ज संपूर्ण कागदांसह जमा झाला की तो लगेच मंजूर होत नाही. संजय गांधी शाखेत नायब तहसीलदारांच्या देखरेखीखाली त्याची छाननी होते आणि मग तो तालुक्याच्या समितीसमोर ठेवला जातो. या समितीचे अध्यक्ष अशासकीय असतात व तहसीलदार तिचे सचिव म्हणून काम पाहतात. बैठक केव्हा होईल ते कोणी आधी सांगू शकत नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की ती पुढे ढकलली जाते, आणि ठाण्यासारख्या मोठ्या तालुक्यात एका बैठकीपुढे शेकडो अर्ज असतात. हा टप्पा घाई करून पुढे सरकत नाही, पण तो निष्कारण दुप्पट होऊ नये याची काळजी आपण घेऊ शकतो.

ती अशी. अर्ज देताना पोच घ्यावी, त्यावर शिक्का, तारीख आणि क्रमांक आहे का ते तेथेच वाचावे आणि घरी आल्यावर मोबाइलमध्ये तिचा फोटो काढून ठेवावा. पुढे कोणतीही तक्रार करायची झाली तर दिवस या तारखेपासून मोजले जातात. "मी दिवाळीच्या आसपास दिला होता" याला कार्यालयात काहीही अर्थ नसतो. तीन-चार आठवड्यांनी एकदा जाऊन, "अर्ज छाननीत आहे की त्रुटीत काढला आहे?" असा नेमका प्रश्न विचारावा. त्रुटीचे पत्र घरी पोहोचतेच असे नाही. आमच्या इमारतीतल्या एका ताईंचा अर्ज एका झेरॉक्सवर सही नाही एवढ्या कारणाने पाच महिने पडून होता, आणि त्या दर महिन्याला जाऊन "झाले का?" असे विचारत होत्या. "अजून नाही" हे उत्तर त्यांना प्रत्येक वेळी खरेच मिळत होते.

कार्यालयाबाहेर "मीटिंगच्या आधी नाव घालून देतो" म्हणणारी माणसे भेटतात. त्यांना पैसे देऊन बैठक लवकर होत नाही, हे लक्षात ठेवावे.

६५ वर्षांपुढच्या दिव्यांग व्यक्तींनी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत अर्ज करायचा असतो, त्यांनी संजय गांधी योजनेचा फॉर्म भरण्यात वेळ घालवू नये. ८० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंब असेल तर केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेचाही मिळणाऱ्या रकमेत भाग असतो. केंद्राची मूळ रक्कम ३०० रुपये आहे, बाकीची भर राज्य घालते. एकूण मासिक रक्कम जुलै २०२३ पासून १,५०० रुपये झाली होती. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ती ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० रुपये करण्यात आली.

तिसरी प्रतीक्षा, जिची कोणी कल्पना करत नाही

मंजुरीचा आदेश निघाला म्हणून पेढे वाटू नयेत. पैसे आता थेट लाभ हस्तांतरणाने, म्हणजे आधारला जोडलेल्या खात्यात जातात, आणि अर्जात आपण जो खाते क्रमांक लिहिला त्याच खात्यात ते येतील अशी खात्री नसते. ज्या बँकेने आपले आधार सर्वांत शेवटी जोडले तेथे ते जातात. मामांचे पहिले दोन हप्ते गॅस अनुदानासाठी कधी काळी उघडलेल्या आणि विसरलेल्या एका खात्यात जमा झाले होते, आणि आम्ही तहसीलमध्ये भांडत होतो. म्हणून समितीची वाट पाहत असतानाच बँकेत जाऊन आधार जोडणी कोणत्या खात्याशी आहे हे विचारून घ्यावे, हवी तर ती बदलून घ्यावी, आणि ते खाते व्यवहार न झाल्यामुळे बंद पडलेले नाही ना हेही पाहावे. खात्यावरचे नाव, आधारवरचे नाव आणि यूडीआयडीवरचे नाव अक्षरशः एक असावे.

अडकल्यावर

पोचेच्या तारखेपासून दोन-तीन महिने लोटले आणि तोंडी उत्तरे तीच ती मिळत असतील, तर माहिती अधिकाराचा अर्ज हे मला सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक साधन वाटते. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून तहसील कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज द्यावा (दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला शुल्क नाही), आणि त्यात तक्रार न लिहिता फक्त विचारावे: अमुक क्रमांकाच्या माझ्या अर्जाची आजची स्थिती काय, त्यात त्रुटी असल्यास ती कोणत्या तारखेला काढली, आणि तो कोणत्या तारखेच्या बैठकीपुढे ठेवला. उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. अनेकदा उत्तराआधी अर्जच हलतो. त्यानेही भागले नाही तर तालुक्याचा लोकशाही दिन (नागरिकांच्या तक्रारी अधिकारी समोरासमोर ऐकतात तो दिवस) महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो आणि जिल्हाधिकाऱ्यांचा पहिल्या सोमवारी. तालुक्याला जाऊन आल्यावर जिल्ह्याला जावे, हा क्रम पाळावा. प्रमाणपत्र किंवा हक्कांविषयी गंभीर तक्रार असेल तर पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तालयाकडे लेखी दाद मागता येते.

तहसीलचा निकाल लागेपर्यंत रिकामे बसण्याचेही कारण नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या निधीतले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, त्यामुळे ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांच्या समाज विकास विभागांच्या स्वतंत्र योजना असतात. त्यांचे अर्ज ठरावीक काळातच स्वीकारले जातात, म्हणून यूडीआयडी मिळताच तेथे चौकशी करून ठेवावी. आणि दिव्यांगत्व कारखान्यातल्या अपघाताने आले असेल, जे वागळे इस्टेट किंवा तुर्भे-महापे पट्ट्यात काही दुर्मीळ नाही, तर आधी तो कामगार राज्य विमा योजनेत होता का ते पाहावे. तेथे वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती टक्के घटली ते ठरवते आणि पूर्ण दिव्यांगत्वात वेतनाच्या ९० टक्क्यांपर्यंत लाभ मिळतो. अंशतः असेल तर त्या प्रमाणात. अडीच हजारांच्या मागे वर्षभर फिरलेल्या एका कामगाराला हे शेवटी कोणी तरी सांगितले, तेव्हा अपघाताची नोंद मालकाने केली होती की नाही हे शोधण्यात आणखी काही महिने गेले.

पैसे सुरू झाल्यानंतरही वर्षातून एकदा हयातीची पडताळणी करावी लागते. जानेवारी ते मार्च या काळात तहसील कार्यालय किंवा बँकेकडे विचारून ती करून घ्यावी, आणि घर ठाण्यातून खारघरला हलवले असेल तर जुन्या व नव्या अशा दोन्ही तहसीलांना लेखी कळवून पोच घ्यावी.